डावा पाना आणि उलटे आटे: वर्कशॉपच्या थट्टेत या चुका टाळा

नवीन अप्रेंटिस आला की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला स्टोअरला पिटाळतं, "जा रे, डावा पाना घेऊन ये." स्टोअरवाले काकाही सामील असतात. "डावा संपला, पलीकडच्या शेडमध्ये बघ." पोरगं तासभर हिंडतं, सगळे हसतात, मग त्याला चहा पाजतात. मला ही थट्टा आवडते. दिवसभर लोखंडाशी झटणाऱ्या माणसांना हसायला काहीतरी हवंच. पण पाना डावा-उजवा नसतो, हे त्याच दिवशी पोराला सांगून टाका. आमच्याकडे ते राहून गेलं.

असाच हिंडून आलेला एक पोरगा पुढच्या आठवड्यात बेंच ग्राइंडरचं डावीकडचं चाक बदलायला बसला. वस्ताद म्हणाले, "या बाजूला उलटे आटे आहेत, उलटं फिरव." पोराला वाटलं, पुन्हा गंमत. तो नेहमीसारखाच पाना मारत राहिला, म्हणजे नट आणखी आवळत राहिला. सुटेना म्हणून पान्याला पाईप घातला. पाना निसटला, हात टूल रेस्टवर, म्हणजे चाकासमोरच्या टेकूवर, आपटला आणि दोन बोटांच्या सांध्यांवरची कातडी सोलली गेली. पट्टी बांधताना तो म्हणाला, "मला वाटलं, परत फिरकी घेताय."

वस्ताद खरंच सांगत होते. चाक फिरताना नट सैल होऊ नये म्हणून त्या टोकाला उलटे आटे असतात. नटाच्या समोर उभं राहून पाहिलं तर तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सुटतो. तसा सुटत नसेल तर आधी गंज बघा, तेल सोडा, थांबा. पाईप घालू नका. मेन स्विच बंद हवाच. चाक बसवल्यावर चाक आणि टूल रेस्टमधली फट 3 मिमीपेक्षा जास्त ठेवू नका. गॅस वेल्डिंगमध्येही ॲसिटिलीनच्या जोडणीला उलटे आटे आणि ऑक्सिजनला सरळ, म्हणजे नळ्यांची अदलाबदल होत नाही. गॅसच्या उलट्या आट्यांच्या नटाच्या कडांवर खाच असते. डाव्या पान्यावरून हशा झाला की लगेच पोराला ती खाच दाखवा. तेव्हा बघितलेलं तो विसरत नाही.

चष्म्यावरून मात्र अजिबात थट्टा नको. "काय हिरो, गॉगल लावून कुठं?" असं एकदा ऐकलं की अठरा वर्षांचं पोरगं चष्मा खिशात घालतं. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलतं, कडा बाहेर वळतात आणि पुढच्या घावाला त्यातली कपची उडते. डोळ्याला तेवढी पुरते. हसायचंच तर छिन्नीला हसा. आमच्याकडे फुललेली छिन्नी दिसली की कुणीतरी ओरडतो, "हिची हजामत राहिली!" आणि ती लगेच ग्राइंडरवर जाते. मूठ नसलेली कानस म्हणजे "नागडी". तिचं टोकदार शेपूट तळहातात घुसतं, म्हणून नागडी कानस हातात घेणाऱ्याला सगळे मिळून चिडवतात. ही थट्टा मी कधी थांबवणार नाही.

"हातमोजे घाल, मेंदी पुसेल" हे ड्रिल मशीनजवळ कुणी बोलू नये. नवखा खरंच घालून येतो. फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा गुंडाळला गेला की मागोमाग हात जातो. मनगटावरचा दोरा, अंगठी, सैल बाही यांचंही तेच.

आणि "हे जरा धर" म्हणून कुणाच्या हातात गरम जॉब, म्हणजे काम चाललेला लोखंडाचा तुकडा, कधीच देऊ नका. लाली गेलेलं लोखंड थंड दिसतं, पण हात भाजतो. त्यावर खडूने "गरम" लिहा.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं धुऊन-पुसून मांडतो, हळदकुंकू वाहतो. त्याच दिवशी प्रत्येक हातोडीचा दांडा हलवून पाचर तपासतो, छिन्न्यांची डोकी बघतो. गेल्या वर्षी हे काम त्या ग्राइंडरवाल्या पोराने केलं. नवीन पोरांना डाव्या पान्यासाठी आता तोच पाठवतो. ती परत आली की त्यांना ग्राइंडरपाशी नेतो. डाव्या नटाशेजारी त्याने पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेवलाय.