हिवाळ्यात घराची दुरुस्ती काढताय? आधी बोअरचं पाणी बघा

मराठवाड्यात घराचं काम काढावं ते दिवाळी ते संक्रांतीच्या दरम्यान. विहिरी-बोअरला तेव्हा पाणी असतं. एप्रिलात टँकरच्या पाण्यावर गिलावा भिजवायची पाळी आली, की मिस्त्री कितीही हुशार असो, काम कच्चंच राहतं.

तयारी मात्र पावसाळा सरतानाच सुरू करा. भिंती ओल्या असतानाच ओलीची हद्द कोळशाने आखून बाजूला तारीख टाका. दिवाळीत तीच भिंत खडखडीत दिसते आणि पाणी कुठून झिरपत होतं ते कुणालाच आठवत नाही. आम्ही एकदा नुसते पोपडे खरवडून रंग दिला होता. पुढच्या आषाढात त्याच जागी भिंत पुन्हा फुगली, कारण दोष वर गच्चीत होता.

खोली मोठी करायला मधली भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं, म्हणजे लाकडावर मातीचा थर दिलेली छतं, कोसळूनच माणसं गाडली गेली. जुन्या माळवदाच्या घरात कोणती भिंत ओझं पेलते, हे अंदाजाने ठरवू नका.

गवंडी दसऱ्याआधीच पक्का करा. बीडकडची कितीतरी माणसं त्यानंतर ऊसतोडीला जातात, मग हाताखाली मजूर मिळत नाही. दर, सेंट्रिंग (स्लॅबला खालून आधार देणाऱ्या फळ्या-टेकू) कुणाचं, उचल किती, सगळं कागदावर लिहा. उचल झालेल्या कामाच्या मापानेच द्या.

कामाचा क्रम ठरलेला: तोडफोड, नळाचे पाइप आणि वायरिंग, गिलावा, फरशी, शेवटी रंग. पाइप भिंतीत बुजवण्याआधी पाणी भरून तपासा. सिमेंट लागेल तसंच आणा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब रचा.

खरी चूक होते ती पाणी मारण्यात. थंडी आहे, लवकर वाळणार नाही, असं सगळे म्हणतात. पण आपल्याकडची हिवाळी हवा कोरडी. सकाळी भिजवलेल्या गोणपाटाला दुपारी तीनला हात लावून बघा, कडक झालेलं असतं. म्हणून दिवसातून तीनदा तरी पाणी मारा, गिलाव्याला किमान ७ दिवस. नवीन स्लॅब पीपीसी, म्हणजे राख मिसळलेल्या सिमेंटचा असेल तर किमान १० दिवस, आणि त्यावर मातीची आळी करून पाणी साठवा. थंडीत सिमेंट सावकाश ताकद धरतं, तेव्हा गवंडी घाई करत असला तरी इंजिनिअरने सांगितल्याशिवाय सेंट्रिंग काढू देऊ नका.

गच्चीवर कोबा, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून घातलेला थर, केला असेल तर तो पक्का झाल्यावर दोन दिवस पाणी तुंबवा आणि खालच्या खोलीत, कोळशाने आखलेल्या त्याच जागी, छताला हात लावून पाहा.

नव्या गिलाव्याला रंगाआधी साधारण महिनाभर वाळू द्या. घरात फेब्रुवारीत लग्न असेल तर गिलावा डिसेंबरातच उरकायला हवा, म्हणजे जानेवारीअखेर रंगारी बोलावता येईल.