कोबाल्ट कुठून आला? डिक्लरेशन भरताना या चुका टाळा

बॅटरी पॅक बनवून युरोपात पाठवणाऱ्या चाकण-भोसरीकडच्या कंपन्यांत खरेदी विभागाला हल्ली एक मेल हमखास येतो: सेलमधल्या कोबाल्टचा उगम कळवा. तो मेल जसाच्या तसा सेलच्या व्हेंडरकडे जातो. व्हेंडर लेटरहेडवर ‘आमच्या मालात बालमजुरी नाही’ असं लिहून शिक्का मारून देतो आणि फाइल बंद होते. गिऱ्हाइकाचा ऑडिटर ती उघडतो तेव्हा घोळ बाहेर पडतो.

फॉर्मच चुकीचा

सीएमआरटी, म्हणजे खनिजांचा उगम कळवायचा ठरावीक फॉर्म, भरून पाठवला की काम झालं, असा समज सर्रास आढळतो. त्या फॉर्ममध्ये कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं एवढंच येतं. कोबाल्ट त्यात नाहीच. त्यासाठी ईएमआरटी हा दुसरा फॉर्म लागतो. त्यात कोबाल्टसोबत अभ्रकही आहे, आणि 2025 च्या आवृत्तीपासून लिथियम, निकेल, तांबं आणि नैसर्गिक ग्रॅफाइटही आलं. पॅकमध्ये आग पसरू नये म्हणून अभ्रकाची शीट लावत असाल तर तो रकाना कोरा सोडू नका. झारखंडात कोडरमा-गिरिडीहकडे लहान मुलं खाणींच्या ढिगाऱ्यातून अभ्रक वेचतात. त्यामुळे ‘बालमजुरीचं हे सगळं आफ्रिकेतलं’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

रिफायनरीचा देश म्हणजे उगम नव्हे

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ‘उगम: फिनलंड’ असं लिहिलेली डिक्लरेशनं येतात. फिनलंडमध्ये कोकोलाला कोबाल्ट शुद्ध होतो हे खरं, पण कच्चा माल काँगोचाही असतो. जगात खाणीतून निघणाऱ्या कोबाल्टपैकी सुमारे तीन चतुर्थांश काँगोचा, आणि शुद्धीकरण बहुतांश चीनमध्ये.

मधला प्रवास समजून घेतला तर प्रश्न कुठे विचारायचा ते कळतं. काँगोतल्या कोल्वेझीच्या आसपास हातानं खणणारे मजूर पोती भरून डेपोवर नेतात. धातूचं प्रमाण मोजायचं यंत्र डेपोवाल्याच्या हातात आणि भावही तोच सांगणार. अनेक खड्ड्यांतली पोती तिथे एकाच ढिगात रिकामी होतात. दूध संघाच्या टँकरमध्ये ओतल्यावर कुठल्या गोठ्यातलं दूध ते कोण सांगणार? पुढे रिफायनरीत मोठ्या यांत्रिक खाणींचा मालही त्यात मिसळू शकतो. म्हणून सेलवाल्याच्या पत्राला फारसा अर्थ नाही. त्याच्याकडून रिफायनरींची नावं आणि त्यांचे ओळख क्रमांक मागा, आणि त्या रिफायनरीचं स्वतंत्र ऑडिट झालंय का, ते अजून वैध आहे का, ते ऑडिट झालेल्या रिफायनरींच्या यादीत तपासा. व्हेंडरनं पंचवीस-तीस रिफायनरींची भलीमोठी यादी दिली तर तुमच्या सेलपुरती उत्तरं मागा. अशी यादी सहसा त्याच्या अख्ख्या कंपनीची असते.

‘काँगोचा माल नको’

बैठकीत हे वाक्य टाळ्या मिळवतं. प्रत्यक्षात खणणं थांबत नाही. माल दुसऱ्या डेपोमार्गे जातो आणि खणणाऱ्याला भाव आणखी कमी मिळतो. कोल्वेझीजवळ मुतोशीला 2018 ते 2020 दरम्यान कुंपण घालून, लहान मुलांना आत न सोडता, मजुरांना संरक्षक साधनं देऊन हातखाणकाम चालवून पाहिलं गेलं होतं. कोविडच्या काळात ते बंद पडलं. पण असं नियंत्रण शक्य आहे एवढं त्यातून दिसलं. याउलट नोव्हेंबर 2025 मध्ये लुआलाबा प्रांतातल्या कलांडो खाणीत पूल कोसळून 30 हून अधिक माणसं मेली.

एलएफपी घेतला की सुटलो

एलएफपी, म्हणजे लिथियम-लोह-फॉस्फेटच्या सेलमध्ये कोबाल्ट-निकेल नसतं; त्या प्रश्नातून सुटलात, हे मान्य. पण लिथियम लागतंच, अॅनोडला ग्रॅफाइट लागतं, आणि डिसेंबर 2023 पासून चीनमधून ग्रॅफाइट बाहेर काढायला परवाना लागतो. देशी लिथियमच्या भरवशावरही इतक्यात राहू नका. जम्मू-काश्मीरमधल्या रियासीचे 59 लाख टन हा प्राथमिक अंदाज आहे, काढता येण्याजोगा साठा नव्हे. आणि तिथला लिलाव पुरेसे बोलीदार न आल्यानं रद्द झाला.

नैतिकता एका फाइलीत, पुरवठा दुसऱ्या

दोन्हींची मुळं एकाच ठिकाणी आहेत. भाव कोसळले म्हणून काँगोनं 22 फेब्रुवारी 2025 ला कोबाल्टची निर्यात थांबवली, आणि ऑक्टोबरपासून कोटा लावला. 2026 साठी तो 96,600 टनांचा आहे. 2024 मध्ये तिथलं उत्पादन सुमारे 2,20,000 टन होतं. वर्षभरात भाव दुपटीच्या वर गेले. अशा टंचाईत सेलवाला गुपचूप रिफायनरी बदलतो आणि तुमचं जुनं डिक्लरेशन खोटं ठरतं. खरेदी करारात दोन कलमं घालून घ्या: रिफायनरी बदलण्याआधी लेखी कळवायचं, आणि बदलल्यावर नवा ईएमआरटी हातात आल्याशिवाय लॉट स्वीकारायचा नाही. दुसऱ्या कलमावर व्हेंडर कुरकुर करेल. तिथे अडून राहा, हवं तर पेमेंटच्या मुदतीत सूट द्या.