गावातला कोरीव दगड कसा वाचायचा (सोलापूरकरांसाठी)

सोलापूरच्या आजूबाजूला कुठल्याही गावात जावा, मारुतीच्या देवळाजवळ नाहीतर वेशीत एखादा कोरीव दगड शेंदूर फासून उभा असतोच, आणि विचारलं की "जुना देव हाय" एवढंच उत्तर मिळतं. पण तो काय सांगतोय ते ओळखणं फार अवघड नाही.

वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड असेल तर खालून वर बघत जायचं. खाली लढाई असते, आणि तिथे गाई कोरल्या असतील तर गडी जनावरं पळवणाऱ्यांशी लढताना मेला असं समजा. मधे अप्सरा त्याला वर नेतायत, आणि सगळ्यात वर तो शिवलिंगाची पूजा करत बसलेला. चंद्र-सूर्याखाली गाढव आणि बाई दिसली तर मात्र तो गधेगळ, म्हणजे दान दिलेली जमीन जो लाटेल त्याच्या आईवरनं सरळ शिवी, आणि ती पण सरकारी दानपत्रात बरं का! सातबाऱ्यावर पण असं काहीतरी छापायला पाहिजे.

अक्षरं असतील तर उजेड तिरका पाहिजे. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जावा, आत अंधार असेल तर मोबाईलचा टॉर्च दगडाला अगदी बाजूनं धरा, समोरून मारला की सगळं सपाट दिसतं. खडू, पीठ, तेल काही चोळू नका, फोटो काढा आणि घरी झूम करून बघा.

सरावाला हत्तरसंग कुडल बेस्ट. भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वराचं मंदिर आहे, तिथल्या तुळईवर मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक कोरलाय, हा लेख वाचेल तो विजयी होईल अशा अर्थाचा. त्यात आधी शके शोधा, तो आहे 940, त्यात 78 मिळवले की इसवी सन 1018 (तिथी पौष ते फाल्गुनातली असली तर कधीकधी 79 मिळवावे लागतात). ज्ञानेश्वरी शके 1212 ची म्हणजे 1290, तिच्या 272 वर्षं आधीचं मराठी आपल्या तालुक्यात पडून आहे की ओ! शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरातलं शिवलिंग पण बघूनच या, एकाच दगडात साडेतीनशेच्या वर मुखं कोरलीत.

पंढरपूरचा चौऱ्यांशीचा लेख यादव रामचंद्रदेवाच्या काळातला, शके 1195 पासूनचा. विठ्ठलाच्या देवळाला कुणी किती दान दिलं त्याची ती यादी, पण लोकांनी चौऱ्यांशी लक्ष योनी चुकाव्यात म्हणून त्याच्यावर पाठ घासून घासून अक्षरं झिजवली.

नांगरताना नाणी-बिणी निघाली तर सोनाराकडे पळू नका. 1878 चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं 10 रुपयांच्या वरचं काही सापडलं की कलेक्टरला लेखी कळवायचं, कुठं आणि कधी सापडलं ते पण लिहायचं.