एआय एजंटच्या स्मृतीतल्या परस्परविरोधी नोंदी कशा हाताळाव्यात

पणजीतल्या एका होमस्टेने पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर उत्तरे द्यायला एआय एजंट (स्वतःहून कामे करणारा प्रोग्राम) ठेवला आहे, असे धरू. एकाच पाहुण्याबद्दल त्याच्या स्मृतीत दोन नोंदी आहेत: ‘जेवणात नुस्ते (मासे) हवेच’ आणि ‘शिवराक (शाकाहारी) जेवण मागितले’. ‘नवी ती खरी’ हा नियम लावला, तर त्या पाहुण्याच्या ताटात आठवडाभर डाळ-भाजीच येईल. दुसरी नोंद खरे तर फक्त सोमवारपुरती होती. स्मृतीतले पुष्कळ विरोध याच जातीचे असतात: दोन्ही नोंदी खऱ्या, एकीची अट तेवढी लिहायची राहिलेली.

एजंटची स्मृती बहुधा ज्यात साठवतात तो व्हेक्टर डेटाबेस (मजकूर अर्थानुसार आकड्यांत साठवून शोधणारा) यात मदत करत नाही, उलट गोंधळ वाढवतो. तो विषयाचे साम्य पाहतो. ‘मासे खातो’ आणि ‘मासे खात नाही’ ही वाक्ये त्याला जवळजवळ सारखीच वाटतात, आणि कोणते आधीचे हे त्याच्या गावीही नसते. त्यामुळे वर्गवारीचे काम आपल्यालाच करावे लागते.

१. नोंद सुटसुटीत फील्डमध्ये लिहा. कोणाबद्दल, कोणती बाब, मूल्य, कोणी सांगितले, केव्हा नोंदले, केव्हापासून केव्हापर्यंत लागू, आणि अट. नोंदल्याची तारीख आणि लागू होण्याची तारीख वेगळ्या ठेवा; पाहुणा आज सांगतो, पण पथ्य गेल्या महिन्यापासून चालू असते. ‘उद्या’, ‘येत्या शुक्रवारी’ असे शब्द साठवायचे नाहीत, तिथल्या तिथे पूर्ण तारखेत बदलायचे. ती तारीख भारतीय वेळेनुसार काढा. सर्व्हर यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असेल, तर गोव्यात रात्री १ वाजता आलेला निरोप तिथे आदल्या दिवशी संध्याकाळी ७.३० वाजता पडतो आणि ‘उद्या’ एका दिवसाने चुकतो.

२. नावे एक करा. पणजी आणि पंजीम, म्हापसा आणि मापुसा यांना एकच ओळख क्रमांक द्या. नाहीतर विरोध असूनही तो सापडणार नाही.

३. साठवण्याआधी तुलना करा. त्याच व्यक्तीच्या, त्याच बाबीच्या जवळच्या ५ ते १० नोंदी काढा आणि मॉडेलला (एजंटमागच्या भाषा-प्रणालीला) ठरावीक पर्यायांतूनच निवडायला लावा: नवी भर, बदल, दुरुस्ती, अट घालून दोन्ही ठेवणे, किंवा काहीच न करणे. बदल आणि दुरुस्ती यांत गफलत नको. बदलात जुनी नोंद एका तारखेपर्यंत खरी होती. दुरुस्तीत ती कधीच खरी नव्हती.

‘गोवा विमानतळ म्हणजे दाबोळी’ ही २०२२ मधली नोंद घ्या. ५ जानेवारी २०२३ पासून पेडण्याकडच्या मोपा या नव्या विमानतळावरूनही विमाने उडू लागली. एजंट याला सरळ ‘बदल’ समजतो आणि दाबोळी बंद करून टाकतो. पण दाबोळी चालूच आहे. इथे हवी ती अट: तिकिटावर विमानतळाचा कोड जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. हा फरक हुकला की टॅक्सी पेडण्याकडे आणि पाहुणा वास्कोजवळ.

दरवर्षी फिरून येणाऱ्या गोष्टींना शेवटची तारीख लावू नका. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते. ‘ताजी मासळी मर्यादित’ या नोंदीला महिन्यांची अट द्या, म्हणजे ऑगस्टपासून ती आपोआप गप्प बसेल.

४. कोणाच्या शब्दाला किती वजन, ते आधी ठरवा. स्वतःबद्दल पाहुणा जे सांगतो ते सर्वांत वर, मग बुकिंगची नोंद, मग वेबपान, आणि शेवटी एजंटचा अंदाज. वेबपानावरच्या किंवा फॉरवर्ड केलेल्या मेलमधल्या मजकुराला पाहुण्याची नोंद बदलता येऊ नये. तिथे कोणी मुद्दाम सूचना पेरलेल्या असू शकतात. आणखी एक सापळा आहे: एजंट स्वतःचीच जुनी नोंद वाचून ती पुन्हा लिहितो, आणि एकाच अंदाजाच्या चार प्रती चार साक्षीदार असल्यासारख्या दिसतात. म्हणून किती नोंदी आहेत ते नव्हे, किती वेगळे स्रोत आहेत ते मोजा.

५. पुसू नका, बंद करा. जुन्या नोंदीला शेवटची तारीख आणि तिची जागा घेणाऱ्या नोंदीचा क्रमांक द्या. एजंटने चुकीचा निर्णय घेतला असेल तर मागे जाता येते. पाहुण्याने स्वतःची माहिती काढून टाकायला सांगितले, तर मात्र ती एम्बेडिंगसकट (व्हेक्टर डेटाबेसमधल्या तिच्या आकडेरूपासकट) खरोखर पुसा.

सर्वांत जास्त विसरले जातात ते सारांश. मूळ नोंद बंद झाली तरी तिच्यावरून केलेला ‘पाहुण्याची ओळख’ हा परिच्छेद तसाच राहतो, आणि जुनी माहिती तिथूनच परत डोके वर काढते. प्रत्येक सारांशासोबत त्याच्या मूळ नोंदींचे क्रमांक ठेवा. त्यातली एक जरी बदलली, तर सारांश नव्याने तयार करा.

६. वाचताना आधी गाळा, मग शोधा. आज लागू असलेल्या आणि अट जुळणाऱ्या नोंदीच मॉडेलपर्यंत जाऊ द्या, त्याही तारीख आणि स्रोतासकट. तरीही दोन उरल्या, तर चूक किती महाग पडेल ते पाहा. उशी मऊ की कडक, यात एक निवडून पाहुण्याला कळवले तरी चालते. ॲलर्जी, पैसे किंवा विमानाची वेळ असेल तर एजंटने थेट विचारावे: ‘१२ तारखेला तुम्ही दाबोळी म्हणाला होता, तिकिटावर जीओएक्स दिसते. टॅक्सी मोप्याला पाठवू का?’

चाचणीसाठी बदल, दुरुस्ती, अट आणि स्रोत अशा प्रत्येक प्रकारच्या काही जोड्या लिहून ठेवा. मॉडेल किंवा प्रॉम्प्ट (मॉडेलला दिलेल्या सूचना) बदलला की त्या दोन्ही क्रमांनी चालवा: आधी जुनी मग नवी, आणि उलट. क्रम फिरवल्यावर उत्तर बदलले, तर एजंट तारखा वाचत नाही. शेवटी आलेली नोंदच तो धरून बसतो.