ओपन सोर्स साधनांनी पहिला व्हिडिओ गेम कसा तयार करावा

गेम इंजिन, म्हणजे गेम घडवण्याचे मूळ सॉफ्टवेअर, निवडताना बहुतेक जण आधी सोयीसुविधा पाहतात. माझ्या मते आधी परवाना, म्हणजे वापराच्या अटी, वाचावा. सप्टेंबर 2023 मध्ये युनिटी या गेम इंजिनाच्या कंपनीने ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क घेण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक छोट्या स्टुडिओंची चालू कामे अडचणीत आली. पुढच्या वर्षी ते शुल्क रद्द झाले, पण नियम आपल्या हाती नसतात हे मात्र तेव्हा स्पष्ट झाले. 2014 मध्ये ओपन सोर्स झालेल्या गोडो इंजिनाचा परवाना एमआयटी या मोकळ्या अटींच्या प्रकारचा आहे, म्हणून त्यावर तयार केलेला गेम विकता येतो आणि स्वतःचा कोड उघड करण्याचे बंधनही नसते. जीपीएल या दुसऱ्या ओपन सोर्स परवान्याचा कोड गेममध्ये मिसळला आणि तो गेम वितरित केला, तर मात्र त्या गेमचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) त्याच परवान्याखाली द्यावा लागतो.

आता गोडो उतरवून नवा प्रकल्प उघडावा. पात्रासाठी ‘कॅरेक्टरबॉडी टूडी’ हा नोड (गेमचा एक घटक) घेतला की त्याच्या नावाशेजारी पिवळा त्रिकोण दिसतो. टक्कर ओळखण्यासाठी लागणारा आकार अजून दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘कोलिजनशेप टूडी’ हा नोड त्याच्याखाली जोडून त्याला आयत किंवा कॅप्सूल असा आकार दिला की इशारा नाहीसा होतो. चित्रांच्या मागे लागण्याआधी साध्या चौकोनांवरच चालणे, उडी मारणे आणि हरणे-जिंकणे पक्के करावे, कारण खेळण्यात मजा नसेल तर सुंदर चित्रे ती आणू शकत नाहीत.

त्यानंतर त्रिमितीय आकृत्यांसाठी ब्लेंडर, रंगकामासाठी क्रिता आणि आवाजासाठी ऑडॅसिटी वापरावे. ही साधने जीपीएलखाली असली तरी त्यांत तयार केलेली कलाकृती तुमचीच राहते. दुसऱ्याची कलाकृती घेताना अधिक दक्षता हवी, कारण कोड आणि कला यांचे परवाने वेगळे असू शकतात. ‘डूम’ या गेमचा सोर्स कोड 1997 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 1999 मध्ये जीपीएलखाली आला, तरी मूळ चित्रे, ध्वनी व नकाशे मुक्त झाले नाहीत, म्हणूनच ‘फ्रीडूम’ प्रकल्पातील लोकांनी ते सारे नव्याने घडवले. क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या कलाकृतींच्या परवान्यांपैकी सीसी-झिरो कलाकृतीसाठी श्रेय देणे बंधनकारक नसते, सीसी-बाय कलाकृतीसाठी असते. प्रत्येक फाइलचा कर्ता, स्रोत आणि परवाना पहिल्या दिवसापासून नोंदवावा. शेवटी ही माहिती शोधत बसणे फार जिकिरीचे होते.

प्रकल्प सुरुवातीपासून गिटमध्ये, म्हणजे फाइलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात, ठेवावा. गोडोच्या टीएससीएन फाइली (ज्यांत गेममधील दृश्ये साठवली जातात) साध्या मजकुराच्या असल्याने कोणत्या नोडचे कोणते मूल्य बदलले, हे ओळीनिशी दिसते. इंजिन स्वतः तयार करते तो ‘डॉट गोडो’ फोल्डर मात्र वगळावा.

गेम प्रकाशित करताना गोडोच्या परवान्याचा मजकूर श्रेयनामावलीत किंवा सोबतच्या फाइलमध्ये द्यावा. कामात इंजिनाचा दोष आढळलाच, तर संपूर्ण गेम न पाठवता तो दोष दाखवण्यापुरता छोटा प्रकल्प आणि इंजिनाची नेमकी आवृत्ती कळवावी. अशा तक्रारीवर देखभाल करणाऱ्यांना लगेच काम सुरू करता येते.