बेस वाढवला आणि गाणं फाटलं? इक्वलायझरच्या या चुका टाळा

गणपती जवळ आले की कोल्हापुरातल्या आमच्या राजारामपुरीतला एखादा तरी पोरगा लॅपटॉप काखेत मारून माझ्याकडे येतोच. "दादा, स्पीकर गेला बघा. नुसता फाटतोय." मी व्हीएलसी या प्लेअरमध्ये कंट्रोल दाबून ई दाबतो. ऑडिओ इफेक्ट्समध्ये इक्वलायझर, म्हणजे जाड-बारीक आवाज वेगवेगळे कमीजास्त करायची सोय, उघडतो आणि दहाच्या दहा स्लायडर वर टेकलेले दिसतात. स्पीकरला काय धाड भरलीय?

सगळेच स्लायडर वर नेले तर सूर बदलत नाही, फक्त आवाज वाढतो. डिजिटल आवाजाला वरची एक हद्द असते. लाट त्यापुढे गेली की तिचा शेंडा कापला जातो आणि तेच आपल्याला फाटल्यासारखं ऐकू येतं. ६ डेसिबल वाढवले म्हणजे लाटेची उंची जवळजवळ दुप्पट होते. आजकालची गाणी आधीच हद्दीला टेकवून बनवलेली असतात, मग वर जागा उरते कुठं?

इथंच डावीकडच्या प्रीअँपचं, म्हणजे एकूण आवाज कमीजास्त करणाऱ्या स्लायडरचं काम. व्हीएलसीत सगळं फ्लॅट, म्हणजे दहाही स्लायडर शून्यावर असतानाही तो १२ डेसिबलवर दिसतो. घाबरू नका, ती त्याची मूळ जागाच आहे. ६० हर्ट्झचा, म्हणजे सगळ्यात जाड आवाजाचा स्लायडर ६ ने वर नेलात, तर प्रीअँप १२ वरून ६ वर आणा. आवाज कमी वाटला तर स्पीकरचं बटण फिरवा. त्याहून बरं म्हणजे जे खुपतंय ते खाली घ्या. हलगी कानात घुसते? ३ आणि ६ किलोहर्ट्झ दोन-तीन डेसिबल उतरवा. गाणारा घशातून बोलल्यासारखा वाटतो? ३१० हर्ट्झ थोडा कमी करून बघा.

लॅपटॉपच्या इवल्याशा स्पीकरकडून मिरवणुकीतल्या डॉल्बीची, म्हणजे स्पीकरच्या भिंतींची अपेक्षा ठेवू नका. (त्या भिंतींचा डॉल्बी कंपनीशी काडीचा संबंध नाही, पण कोल्हापुरात नाव तेच पडलंय.) ६० हर्ट्झ हलवायला स्पीकरचा मोठा पडदा आणि भरपूर हवा लागते. इथं स्लायडर कितीही चढवला तरी धमक येत नाही, खरखर तेवढी येते. हेडफोन लावा.

जुन्या गाण्यांची गोष्ट वेगळी. गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या या गावात जयपूर घराण्याच्या जुन्या तबकड्या ऐकणारे अजून आहेत. त्या ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांच्या ध्वनिमुद्रणात १२ किलोहर्ट्झच्या वर गाणं जवळपास नसतंच, सुईची खरखर असते. शेवटचे तीन स्लायडर बिनधास्त खाली ओढा. 'आवाज खुलावा' म्हणून लोक नेमके तेच वर नेतात.

'टू पास'ची खूण चुकून पडली असेल तर काढा, त्यात तोच फिल्टर दोनदा लागतो. विंडोजच्या साउंड सेटिंगमधला बेस बूस्टही बंद करा. दोन ठिकाणी मीठ घातलं की रश्श्याचं काय होतं ते सांगायला नको.

सेटिंग जमलं की नाही, हे ठरवताना 'एनेबल'ची खूण काढून-लावून ऐका. दोन्ही वेळा आवाज सारखाच ठेवा, कारण जे मोठं वाजतं ते कानाला उगाच चांगलं वाटतं. जमलं तर खालचं 'सेव्ह' दाबा. नाहीतर उद्या प्लेअर उघडाल तेव्हा सगळं पुन्हा पहिल्यासारखं, आणि परत लॅपटॉप काखेत.