अंगावरून पांढरं जातंय : नेमकी कुठली गोळी?

मेडिकलच्या काउंटरवर हळू आवाजात “पांढरं जातंय, खाज येतेय” एवढं सांगितलं की पुष्कळदा फ्लुकोनाझोल (बुरशीवरचं), सेक्निडाझोल आणि ॲझिथ्रोमायसिन (दोन्ही जंतूंवरची) अशी तिन्ही औषधं असलेलं एकच पाकीट हातात पडतं. त्यातलं एखादं लागू पडतंही. बाकीची उगाच पोटात जातात, आणि नको असलेल्या अँटिबायोटिकने योनीतले उपकारक जंतू मारले की पुढच्याच आठवड्यात बुरशी उठते. मग पुन्हा तेच पाकीट. या चक्रातून सुटायचं तर आधी कारण ओळखावं लागतं.

त्याहीआधी हे पाहावं, की मुळात आजार आहे का? पाळीच्या मधल्या दिवसांत स्राव पारदर्शक आणि तार धरणारा असतो, पाळीआधी दाट पांढरट होतो, गरोदरपणात एकूणच वाढतो. खाज, आग, घाण वास यांतलं काहीच नसेल तर औषधाची गरज नसते. ‘पांढरं जाऊन हाडं झिजतात’ या समजुतीपायी टॉनिकच्या बाटल्या संपतात, एवढंच.

आजार असेल तर बहुतेक वेळा तिघांपैकी एक निघतो : कॅन्डिडा नावाची बुरशी, बॅक्टेरिअल व्हजायनोसिस (योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडणं), किंवा ट्रायकोमोनास हा एकपेशीय परजीवी. निरोगी योनीचा पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा; जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ३.८ ते ४.५ असतो. लॅक्टोबॅसिलस जंतू लॅक्टिक ॲसिड बनवतात, त्याचा हा आंबटपणा. बुरशीत पीएच सहसा तसाच राहतो. बाकीच्या दोघांत ४.५ च्या वर जातो. म्हणून दहा-पंधरा सेकंदांची पीएच पट्टी फार कामाची. मात्र ती ४ ते ७ च्या आसपासचे बारीक फरक दाखवणारी हवी. १ ते १४ दाखवणाऱ्या पट्टीवर हा फरक कळत नाही. ओलावा योनीच्या बाजूच्या भिंतीवरून घ्यावा. रक्त आणि वीर्य दोन्ही पीएच वाढवतात, तेव्हा पाळीत किंवा संबंधानंतर लगेच केलेली तपासणी फसवी असते. डॉक्टरांकडे स्रावाचा थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की निदान आणखी पक्कं होतं.

बुरशी

जोरदार खाज, लाली, लघवी करताना बाहेरच्या त्वचेला आग, दह्याच्या गाठींसारखा स्राव, आणि वास जवळजवळ नाही. इथे अँटिबायोटिकचा उपयोग शून्य. क्लोट्रिमाझोलची योनीत ठेवायची गोळी घ्यावी : ५०० मि.ग्रॅ. एकदाच, २०० मि.ग्रॅ. तीन रात्री किंवा १०० मि.ग्रॅ. सहा-सात रात्री. काही ब्रँडच्या नावापुढचा १, ३, ६ हा आकडा म्हणजे तेवढ्या रात्री, ताकद नव्हे. ६ वालं औषध जास्त जोरदार असा समज उलटा आहे. ज्यांना गोळी ठेवायला नको वाटतं त्यांना फ्लुकोनाझोल १५० मि.ग्रॅ.ची एकच गोळी तोंडाने चालते, गुण साधारण सारखाच. सूज आणि भेगा असतील तर डॉक्टर ७२ तासांनी दुसरी गोळी देतात. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा कोलेस्टेरॉलच्या काही स्टॅटिन गोळ्या चालू असतील तर आधी विचारून घ्यावं. गरोदर असाल, किंवा तशी शंका असेल, तर फ्लुकोनाझोल नको; क्लोट्रिमाझोल सात रात्री, डॉक्टरांना सांगून. एका गोळीनंतर दुसऱ्याच दिवशी खाज थांबली नाही म्हणून दुसरं औषध सुरू करू नये. पूर्ण आराम पडायला काही दिवस लागतात. जोडीदाराला त्रास नसेल तर त्याला औषध लागत नाही.

बॅक्टेरिअल व्हजायनोसिस

पातळ, करडा-पांढरा, एकसारखा पसरणारा स्राव आणि माशासारखा वास, जो संबंधानंतर वाढतो. खाज थोडी किंवा नाहीच. यात बाहेरून कुणी नवा शत्रू आलेला नसतो. लॅक्टोबॅसिलस कमी होऊन दुसरे जंतू माजलेले असतात. बुरशीचं औषध इथे काहीच करत नाही. मेट्रोनिडाझोल ४०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, जेवणानंतर, सात दिवस. पोट बिघडत असेल तर ०.७५ टक्के मेट्रोनिडाझोल जेल ५ ग्रॅम रोज रात्री पाच दिवस, किंवा २ टक्के क्लिंडामायसिन क्रीम ५ ग्रॅम सात रात्री. गोळ्यांनी तोंडाला धातूची चव येते, लघवी गडद होते. घाबरायचं कारण नाही. तिसऱ्या दिवशी वास गेला म्हणून गोळ्या थांबवणं ही नेहमीची चूक. गोळ्या चालू असताना आणि नंतर दोन-तीन दिवस दारू टाळा, असं वेष्टनावर असतं. ते पाळणं सोपं आहे. क्लिंडामायसिन क्रीममधल्या तेलाने कंडोम कमकुवत होतो, नंतरचे पाच दिवसही.

हा आजार चिवट आहे. निम्म्याहून अधिक जणींना वर्षभरात पुन्हा होतो. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात पुरुष जोडीदारालाही सात दिवस मेट्रोनिडाझोल आणि लिंगावर क्लिंडामायसिन क्रीम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत आजार परतण्याचं प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आलं. एकच जोडीदार असून त्रास परतत असेल तर डॉक्टरांशी हे बोलावं.

ट्रायकोमोनास

पिवळट-हिरवा, कधी फेसाळ स्राव, वास, आग, संबंधाच्या वेळी दुखणं. काहींना काहीच जाणवत नाही. मेट्रोनिडाझोल इथेही, ४०० किंवा ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा सात दिवस, पण तोंडानेच; जेल पुरत नाही, कारण परजीवी मूत्रमार्गात आणि आसपासच्या ग्रंथींतही दडतो. हा लैंगिक संबंधातून पसरतो, म्हणून जोडीदाराचा उपचार त्याच वेळी. त्याला त्रास नसला तरी. दोघांचे उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध नको, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणीही करून घ्यावी.

एकत्र औषधांना मुळीच जागा नाही असं नाही. सरकारी रुग्णालयांतल्या लैंगिक आजारांसाठीच्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये दोन नंबरच्या हिरव्या किटमध्ये सेक्निडाझोल २ ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल १५० मि.ग्रॅ. एकत्र दिलं जातं. प्रयोगशाळा हाताशी नसेल तिथे ते शहाणपणाचं आहे, पण तिथे आधी डॉक्टर तपासतात. स्वतः मागून घेतलेल्या पाकिटात नेमकं तेच राहून जातं.

बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असलेल्या ‘सर्व खाजेवर’ क्रीम मात्र लांबच ठेवा. स्टिरॉइडने दोन दिवस बरं वाटतं, आत बुरशी फोफावते आणि कातडी पातळ होते. डेटॉलच्या पाण्याने आतून धुणं तितकंच वाईट. दही-लसूण आत ठेवण्याचाही काही फायदा नाही.

योनीत गोळी ठेवताना हात धुवा, गोळी पाण्यात क्षणभर बुडवून ओली करा, झोपण्यापूर्वी उताणं पडून गुडघे वर घ्या आणि बोटाने किंवा ॲप्लिकेटरने जमेल तितकी आत सरकवा. गरोदरपणात ॲप्लिकेटर नको, बोटच वापरा. गोळी उथळ राहिली की सकाळी अर्धवट विरघळलेले तुकडे पडतात. पांढरी पावडर थोडी येणं मात्र ठीक. पॅड वापरा, टॅम्पून नाही. पाळी तोंडावर असेल तर ती संपल्यावर सुरू करा. तोंडाच्या गोळ्या पाळीतही थांबवायच्या नाहीत.

ओटीपोटात दुखणं, ताप, फोड किंवा जखम, संबंधानंतर रक्त, गरोदरपण, लहान मुलीला त्रास : यांत घरी प्रयोग नको. पाळी गेलेल्या बाईला कोरडेपणा आणि आग असेल तर पुष्कळदा ते इस्ट्रोजेन कमी झाल्याचं असतं. तिथे पीएचही वाढलेला दिसतो आणि विनाकारण मेट्रोनिडाझोल दिलं जातं. सात दिवसांत फरक नसेल तरीही दाखवावं.

वर्षात तीनदा बुरशी झाली तर रक्तातली साखर पाहा. मधुमेहाच्या डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात, त्यानेही बुरशी वारंवार होते. गोळी स्वतः बंद न करता डॉक्टरांना सांगा. कल्चर करून, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून, तिची जात ओळखली की मग फ्लुकोनाझोल पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी, आणि पुढे सहा महिने आठवड्याला एक, असा क्रम दिला जातो. कॅन्डिडा ग्लॅब्राटा ही जात निघाली तर फ्लुकोनाझोल बहुधा चालत नाही. तिथे ६०० मि.ग्रॅ. बोरिक ॲसिडची कॅप्सूल योनीत दोन-तीन आठवडे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. ती गिळली तर विषबाधा होते, म्हणून डबीवर ठळक लिहून मुलांच्या हाताबाहेर ठेवा. गरोदर बाईने ती वापरायची नाही.